जुना रिसीव्हर, ट्यूनर बोर्ड: स्टिरिओचा दिवा लागला

पॉवर सप्लाय आणि अँपचं काम मागेच उरकलं, आता पाळी ट्यूनर बोर्डाची, म्हणजे रेडिओ स्टेशन पकडणाऱ्या भागाची. सेट सत्तरच्या दशकातला, जपानी बनावटीचा पण अमेरिकेसाठी काढलेला, म्हणजे १२० व्होल्टचा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय चालवायचा नाही. तक्रारी तीन: नॉब फिरवताना खरखर, स्टिरिओचा दिवा लागत नाही, आणि सिग्नल मीटर पुरता वर गेला तरी ट्यूनिंग मीटरचा काटा मधोमध येत नाही.

अशा वेळी हात आधी आयएफच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या टप्प्याच्या) कॅनकडे, म्हणजे कॉइलच्या धातूच्या डब्यांकडे जातो. जाऊ देऊ नका! त्यांच्यातले फिरवायचे कोअर कारखान्यात जुळवून मेणाने बसवलेले असतात, आणि सिरॅमिक फिल्टरच्या सेटमध्ये तिथे हलण्यासारखं फार थोडं असतं. दोष कुठल्या टप्प्यात आहे ते आधी ठरवायचं.

फ्रंट एंड, म्हणजे अँटेनानंतरचा पहिला टप्पा, जिवंत आहे का, हे बघायला एक खिशातला रेडिओ पुरतो. लोकल ऑसिलेटर, म्हणजे सेटच्या आतला सिग्नल तयार करणारा भाग, स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने वर चालतो. मोठ्या सेटचा काटा ९२ वर ठेवला आणि छोटा रेडिओ शेजारी धरून १०२.७ च्या आसपास फिरवला, तर एका जागी सूंऽऽ आवाज एकदम शांत होतो. तो तुमचा ऑसिलेटर. माझा बरोबर सापडला.

खरखर गँगमधून, म्हणजे नॉबने फिरणाऱ्या ट्यूनिंगच्या कपॅसिटरमधून येत होती. गँगच्या दांड्याला पितळी पत्ती दाबून असते, रोटरचं (फिरत्या पात्यांचं) अर्थिंग तिच्यातून होतं. ग्रीस वाळून तिथे हिरवट, चिकट थर बसला होता. काडीला कापूस गुंडाळून, आयसोप्रोपिलमध्ये बुडवून तेवढीच जागा पुसली, मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब. पात्यांवर स्प्रे मारायचा नाही, डायलचं जुळणं हलतं.

ट्यूनिंग मीटरचं दुखणं क्वाड्रेचर कॉइलमध्ये, म्हणजे एफएम सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या टप्प्याच्या कॉइलमध्ये होतं. माझ्या बोर्डावर सीए३०८९ च्या कुळातली आयसी आहे. तिच्या ७ आणि १० नंबरच्या पिनांमधला फरक ट्यूनिंग मीटर दाखवतो. अँटेना काढली, म्युटिंग (स्टेशन नसताना आवाज दाबणारी सोय) बंद केलं, स्टेशन नसलेल्या जागी नुसता सूंऽऽ आवाज येऊ दिला. त्या वेळी काटा मधोमध हवा. माझा डावीकडे होता. प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने कोअर अगदी किंचित फिरवला आणि काटा मध्यावर आला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर कॉइलमध्ये गेला की सगळं रीडिंगच बदलतं, आणि ठिसूळ कोअर फुटला तर तसा दुसरा मिळणं कठीण.

आता स्टिरिओ. या कामातला सगळ्यात सुंदर भाग हाच. कार्यक्रम स्टिरिओ आहे हे सांगायला स्टेशन १९ किलोहर्ट्झचा पायलट टोन पाठवतं. डावा-उजवा आवाज वेगळा करणाऱ्या डिकोडरमधला ऑसिलेटर ७६ किलोहर्ट्झवर चालतो, भागून ३८ आणि १९ करतो, आणि पायलटला जाऊन चिकटतो. चिकटला की दिवा. एमसी१३१० या डिकोडर आयसीत १० नंबरच्या पिनवर हा १९ मोजता येतो. अँटेना काढून मोजला तर १८.२ आला, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त खाली. एवढ्या लांबून पीएलएलला (पायलटला चिकटणाऱ्या या सर्किटला) पायलट पकडता येत नाही. ही फ्रिक्वेन्सी ठरवणारा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) हलवला तर आकडा उड्या मारत होता, कार्बनचा ट्रॅक गेलेला. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुकानदाराला म्हटलं, "दादा, कार्बनचा नको, सर्मेटचा मल्टिटर्न द्या." तो लावला, हळूहळू १९.० वर आणला, अँटेना जोडली, १०१ लावलं आणि लाल दिवा लागला. त्या क्षणी मीटरवर १९.०० स्थिर. स्टेशनचा पायलट २ हर्ट्झच्या आत धरलेला असतो, त्यामुळे आपल्या स्वस्त मल्टिमीटरची फ्रिक्वेन्सीची परीक्षाही इथेच होते. माझा पास झाला!

मग लक्षात आलं की वरचे, बारीक सूर थोडे दबलेले आहेत. कारण सरळ आहे: स्टेशन वरचे सूर वाढवून पाठवतं, सेट ते परत तेवढेच कमी करतो, ते डीएम्फसिस; अमेरिकेत ते ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०. अमेरिकन सेट पुण्यात लावला की १० किलोहर्ट्झला तीन डेसिबलहून जास्त नुकसान. डिकोडरच्या दोन्ही आउटपुटवर ३.९ किलोओम आणि ०.०२ मायक्रोफॅरड होते, गुणाकार ७८ मायक्रोसेकंद. कपॅसिटर बदलून ०.०१२ चे फिल्म टाकले, आता ४७. सकाळच्या भक्तिगीतांत टाळ आणि चिपळ्या वेगवेगळ्या कळायला लागल्या. परदेशी सेट असलेल्या प्रत्येकाने हा बदल करावा, असं माझं ठाम मत आहे. दोन कपॅसिटरचा खर्च, आणि सेट इथला होतो.

डायलही जुळवून घेतला: खालच्या टोकाला ९१.१ वर ऑसिलेटरची कॉइल, वरच्या टोकाला विद्यापीठाच्या विद्यावाणीच्या १०७.४ वर ट्रिमर. एक लावलं की दुसरं थोडं सरकतं, म्हणून आलटून पालटून दोन्ही जागी बसेपर्यंत करत राहायचं.

एएम बाकी आहे. ७९२ वर पुणे केंद्र येतं, पण हवं तेवढं जोरात नाही. फेराइट रॉडच्या (एएमच्या आतल्या अँटेनाच्या) लिट्झ वायरचे, म्हणजे अनेक बारीक तारांच्या वायरचे, काही धागे सोल्डरपाशी तुटलेले दिसतात. शिवाय खोलीतला एलईडी बल्ब बंद केला की गुरगुर निम्मी होते, तेव्हा आधी बल्ब बदलतो, मग रॉड काढतो.