उद्या मामांची शस्त्रक्रिया

परळच्या टाटा रुग्णालयात उद्या मामांच्या गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आहे. गालातील गाठीसोबत मानेतील लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड्स, म्हणजे कर्करोग पसरू शकतो अशा लहान गाठी) काढणार, हे ऐकून मामी धास्तावल्या, कारण तपासणीत मान स्वच्छ दिसली होती. याच रुग्णालयाच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातील ज्या रुग्णांच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यापैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते, तर मानेत गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. डॉक्टरांनी आज हे शांतपणे समजावल्यावर मामांनी संमतिपत्रावर सही केली. त्यांना खरी चिंता आहे ती बोलण्याची आणि जेवणाची. काही दिवस अन्न नाकातील नळीवाटेच जाईल, पुढे तोंड नीट उघडावे म्हणून जबड्याचे व्यायाम चिकाटीने करावे लागतील. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना कळकळीची विनंती आहे, की तंबाखूवरून त्यांना आता एक शब्दही बोलू नये.