वे-बिलात नसलेले डबे

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. दरवर्षी बारावीच्या निरोप समारंभात कोणीतरी विचारतेच, "सर, तुमच्या शिक्षणात सर्वांत मोठा वाटा कोणाचा?" आई-वडील आणि शिक्षक हे उत्तर खरे आहे आणि मी ते देतोही, पण ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत अशी आणखी काही माणसे त्या उत्तरात यायला हवीत, आणि नावच नसल्यामुळे त्यांच्याविषयी बोलणे दरवेळी राहून जाते. ती माणसे म्हणजे गावाहून माझा जेवणाचा डबा आणून देणारे एसटीचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. आज त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो.

1995 ते 1997 ही दोन वर्षे मी अकरावी-बारावीसाठी लातूरला होतो. 'लातूर पॅटर्न'चा, म्हणजे तिथल्या अभ्यासाच्या पद्धतीचा, तेव्हा मोठा बोलबाला होता आणि आसपासच्या तालुक्यांतील मुले तीन-चार जणांत एक खोली घेऊन शहरात राहत असत. खानावळीचे पैसे भरणे अनेकांना जड जाई. आमचे गाव निलंगा तालुक्यात, लातूरपासून दोन तासांच्या अंतरावर. संध्याकाळी गावात मुक्कामी गाडी येई, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथेच झोपत आणि सकाळी सहाला गाडी लातूरकडे निघे. आई चार वाजता उठून ज्वारीच्या भाकरी थापी. त्यांच्यासोबत पिठले किंवा पातळ वरण, शेंगांची चटणी, सणावाराला धपाटे. डबा कापडी पिशवीत घालून ती गाडीपाशी नेऊन देई. आठच्या सुमारास तो लातूरच्या स्थानकात माझ्या हाती पडे आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा गावी परते.

या डब्यांचे तिकीट नसे आणि कंडक्टरच्या वे-बिलात, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदात, त्यांची नोंद नसे. त्याच्या हिशेबाला लागत ती फक्त प्रवाशांची तिकिटे. आमच्या मार्गावर वाटेतल्या गावांचे मिळून पंधरा-वीस डबे होत आणि ते ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणाजवळ ओळीने ठेवले जात. बहुतेक पिशव्यांवर मुलाचे नाव लिहिलेले असे. माझ्या आईला लिहिता येत नव्हते, म्हणून तिने पिशवीच्या बंदाला लाल दोरा बांधला होता. त्या मार्गावर पाळीपाळीने येणाऱ्या प्रत्येक कंडक्टरला हा लाल दोरा कोणाचा, हे ठाऊक होते. नवा कंडक्टर आला तर जुना त्याला सांगून ठेवत असला पाहिजे, कारण दोन वर्षांत माझा डबा एकदाही दुसऱ्याच्या हाती गेला नाही. वरणाचा डबा कलंडू नये म्हणून तो दोन पिशव्यांच्या मध्ये दाबून बसवलेला मी अनेकदा पाहिला आहे. अठरा वर्षांच्या मुलाला त्यात काही विशेष दिसत नाही. डबा उभाच असतो, तो आपोआप उभा राहतो, असेच मला वाटे.

त्यामागे किती लक्ष होते, हे मला बारावीच्या हिवाळ्यातील एका प्रसंगावरून कळले, आणि तेही फार उशिरा. मला सडकून ताप भरला होता, खोलीतील सोबती गावी गेले होते आणि मी सकाळी स्थानकावर जाऊ शकलो नाही. सकाळच्या कंडक्टरने थोडा वेळ वाट पाहून माझा डबा कंट्रोलरच्या केबिनमध्ये ठेवला आणि ड्यूटी संपवून तो घरी गेला. संध्याकाळची गाडी दुसऱ्या कंडक्टरची होती. त्याने केबिनमधून तो भरलेला डबा उचलला, गावात उतरल्यावर तो आईच्या हाती दिला आणि म्हणाला, "मावशी, पोरगं आज आलं नाही. डबा भरलेलाच आहे. कुणीतरी जाऊन बघा." आमच्या घरी फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीने वडील लातूरला आले आणि मला दवाखान्यात घेऊन गेले.

वडील कसे काय आले, हा प्रश्न त्या वेळी मला पडलाच नाही. अनेक वर्षांनी बोलण्याच्या ओघात वडिलांनी हे सांगितले, तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसून राहिलो. सकाळच्या माणसाने संध्याकाळच्या माणसासाठी निरोप ठेवला होता. एका अनोळखी मुलाच्या न उचललेल्या डब्याविषयी डेपोत दोघांचे काहीतरी बोलणे झाले होते, आणि त्याबद्दल त्यांना कोणी कधी विचारणार नव्हते. डबा वाहून नेण्याचे मोल मी मानतोच; पण डबा तसाच राहिला आहे हे पाहून थांबणे आणि ते योग्य माणसापर्यंत पोहोचवणे, याला माझ्या लेखी त्याहून अधिक मोल आहे.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तिचे ड्रायव्हर किसन राऊत आणि कंडक्टर लक्ष्मण केवटे ही नावे नोंदली गेली आहेत, आणि ते योग्यच झाले. दरवर्षी 1 जूनला ती नावे वाचनात आली की मला आमच्या मुक्कामी गाडीवरची माणसे आठवतात. मी आईला त्यांची नावे विचारून पाहिली. तिला एवढेच आठवते की एक जण गाडीत चढता चढता "झाकण घट्ट लावलंय ना?" असे रोज विचारीत असे, आणि एकाला डोळ्यांचा त्रास होता, म्हणून ती त्याला पहाटे चेहरा धुवायला गरम पाणी देई. 2021च्या अखेरीस संप सुरू होऊन गाड्या कित्येक महिने डेपोत उभ्या राहिल्या, तेव्हा भाड्याची आणि तोट्याची खूप चर्चा झाली. मी मात्र लातूरच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या मुलांच्या जेवणाचे काय झाले असेल, याचाच विचार करीत होतो.

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी वडील पेढ्यांचा पुडा घेऊन गाडीपाशी गेले. त्या दिवशी गाडीवर आलेले दोघेही नवे होते. आमचा डबा त्यांनी कधी नेलेला नव्हता. वडिलांनी लाल दोऱ्याची खूण सांगितली आणि पेढे कोणासाठी आहेत, हे सांगण्याचा प्रयत्न केला. पण त्यांनाही नावे ठाऊक नव्हती. कंडक्टरने सगळे नीट ऐकून घेतले, पुडा ड्रायव्हरच्या शेजारी, जिथे डबे ठेवत त्याच जागी ठेवला आणि म्हणाला, "डेपोत विचारतो. पोहोचवतो."