काळ्या पडद्यावरचे आकडे

लातुरात माझे संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे, आणि तिथे वाट पाहत बसलेले गिऱ्हाईक हमखास विचारते, "सर, माऊसवर चालणारी एवढी सॉफ्टवेअर असताना तुम्ही काळ्या पडद्यावर आकडे काय वाचत बसता?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ते आकडे 'एक्सएक्सडी' ही कमांड दाखवते. युर्गेन वायगर्ट यांनी लिहिलेले हे छोटे साधन विम या मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरसोबत येते. कोणतीही फाइल दिली की ते एका ओळीत १६ बाइट, म्हणजे फाइल ज्यांची बनते ती छोटी एकके, मांडते: डावीकडे फाइलमधले स्थान, मध्ये हेक्साडेसिमल (० ते ९ आणि ए ते एफ या सोळा चिन्हांत लिहिलेले) आकडे आणि उजवीकडे वाचता येण्याजोगी इंग्रजी अक्षरे. इतर सॉफ्टवेअर फाइलचा अर्थ लावू पाहते आणि तो लागला नाही की 'फाइल खराब आहे' म्हणून मोकळे होते. ही कमांड अर्थ लावायच्या भानगडीतच पडत नाही, आणि मला नेमके तेच हवे असते.

औशाच्या एक ताई लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह घेऊन आल्या होत्या. फोटो गेले, असे त्यांना दुसरीकडे सांगितले होते. नावापुढे जेपीजी होते, म्हणजे सुरुवात एफएफ डी८ अशी हवी. पण पहिले तीन बाइट शून्य निघाले आणि माझ्याही पोटात गोळा आला. मग उजव्या रकान्यात लगेच पुढे 'एफटीवायपी' आणि 'एचईआयसी' ही अक्षरे दिसली. एचईआयसी म्हणजे हेइक, फोटो साठवायचा जेपीजीहून वेगळा प्रकार. फोनने त्या प्रकारात काढलेल्या फोटोंची नावे कोणीतरी बदलली होती, एवढेच. मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती शून्येच असलेल्या फायलीही येतात. तेव्हा मी तिथेच नाही म्हणतो आणि पैसे घेत नाही.

याच कमांडला उणे आर हा पर्याय दिला की आकड्यांतून पुन्हा फाइल बनते, त्यामुळे एखादा बिघडलेला बाइट हाताने दुरुस्त करता येतो. बदल मात्र मधल्या आकड्यांत करावा लागतो. उजवीकडची अक्षरे बदलली तर ती मुकाट्याने दुर्लक्षिली जातात, हे मी एक अख्खी दुपार घालवून शिकलो. मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवायची, हे वेगळे सांगायला नको.

दुकानातल्या नव्या पोराला मी पहिल्यांदा 'मराठी' हा शब्दच या कमांडला द्यायला लावतो. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवायच्या रूढ पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, अगदी काना-वेलांटीलाही, ३ बाइट लागतात. म्हणजे या शब्दाचे १५ आणि ओळ संपल्याच्या खुणेचा १, अशी १६ बाइटांची एक ओळ बरोबर भरते. उजवीकडे नुसती टिंबे दिसतात, पण मध्ये प्रत्येक चिन्हाची सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ अशी होते. एक्सेलमध्ये उघडल्यावर गिचमिड झालेली नावांची यादी कोणी आणली की मी आधी हीच जोडी शोधतो. ती सरळ क्रमाने दिसत असली तर मजकूर शाबूत असतो, फक्त फाइल उघडताना यूटीएफ-८ निवडायचे राहिलेले असते.