न मोजलेले चेंडू

तो वेळेआधीच येऊन उभा होता. उजव्या हातात ग्लव्ह आणि डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला करंगळीएवढा लांब, अजून गुलाबी दिसणारा व्रण. ऑपरेशनला २० आठवडे झाले होते आणि आज पहिल्यांदा चेंडू फेकायचा होता. रात्री झोप लागली नाही म्हणाला. मलाही फारशी लागली नव्हती.

मी अमेरिकेत फिनिक्सजवळच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. फेब्रुवारीत बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतल्या, म्हणजे मेजर लीगच्या ३० संघांपैकी १५ संघ इथल्या मैदानांवर सरावाला उतरतात, त्यामुळे या दिवसांत आमच्याकडे खांदे आणि कोपरं यांचीच रीघ असते. पुण्यात शिकताना मी फास्ट बोलर तपासले होते. त्यांचं दुखणं बहुधा कमरेच्या मणक्याचं. बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, धावत येत नाही. माउंडवर, म्हणजे १० इंच उंच मातीच्या उंचवट्यावर उभा राहून तो ६० फूट ६ इंचांवर चेंडू फेकतो, तोही कोपर वाकवून. खांदा आणि दंड पुढे निघतात तेव्हा मनगट आणि चेंडू अजून मागेच असतात. तो सगळा पीळ कोपराच्या आतल्या बाजूच्या एका इवल्याशा लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यावर येतो. आज आलेल्या या पिचरचं ते लिगामेंट ऑगस्टच्या शेवटी तुटलं.

यावर जे ऑपरेशन करतात त्याला टॉमी जॉन या खेळाडूचं नाव आहे. तोही डावखुरा पिचर. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच मनगटाजवळचं एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून कोपरात बसवलं. त्याआधी हे लिगामेंट गेलं की खेळ संपलाच म्हणून समजायचं. टॉमी जॉन १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट थोडं आत वाकवा, मधोमध एक दोरी उठून दिसते. तेच ते टेंडन. काहींना ते जन्मतःच नसतं, आणि त्यांचं काही अडत नाही. आमच्या या पोराचं उजव्या मनगटातून काढून डाव्या कोपरात बसवलं होतं.

मूळचा तो डॉमिनिकन रिपब्लिकचा. सोळाव्या वर्षी करार झाला तो स्टार्टर म्हणून, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर. पण त्याचा फास्टबॉल आणि स्लायडर एवढे दोनच चेंडू चांगले. तिसरा काही जमेना, तेव्हा त्याला रिलीफ पिचर केलं, म्हणजे सामन्याच्या मध्येच दुसऱ्या पिचरच्या जागी उतरणारा. बहुतेक रिलीफ पिचर असेच घडतात. नावाजलेला रिलीफ पिचर मारियानो रिवेराही १९९५ मध्ये स्टार्टर म्हणूनच आला होता. पुढे त्याने ६५२ सेव्ह मिळवले, म्हणजे तितके सामने आघाडी शेवटपर्यंत राखून संपवले, आणि २०१९ मध्ये हॉल ऑफ फेम या सर्वोच्च सन्मानासाठी ४२५ पैकी ४२५ मतं घेतली. हे आकडे या पोराला तोंडपाठ. तो स्वतः मात्र मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, डबल-एमध्ये होता. २०२३ च्या करारानंतर तिथला किमान पगार वर्षाला ३०,२५० डॉलर होता आणि मेजर लीगमध्ये त्याच वर्षी किमान ७,२०,००० डॉलर. मधल्या त्या दरीवर पूल म्हणून एक हात, आणि तोच माझ्या टेबलावर आला होता.

चेंडू हातात देण्याआधी मी फॉर्म भरायला घेतला. गेल्या मोसमात हातावर किती भार पडला? माझ्याकडे आलेल्या कागदांत ४४ सामने आणि ५१ इनिंग, म्हणजे बेसबॉलचे छोटे डाव, होत्या. २४ वर्षांच्या मुलासाठी हा काही फार मोठा आकडा नव्हे. मी तेच लिहायला लागले तर त्याने बॅगेतून एक निळी वही काढली.

त्याच्या आजीचं गावात किराण्याचं दुकान आहे. ती उधारी जशी मांडते तशाच पाच-पाचच्या रेघा. सामन्यात उतरला त्या दिवशी रेघ. आणि अधूनमधून नुसती गोल वर्तुळं.

मी विचारलं, "ही काय आहेत?"

"उठलो, पण गेलो नाही."

स्टार्टरला आपला दिवस ठाऊक असतो, दर पाचव्या दिवशी त्याची पाळी. रिलीफ पिचर बुलपेनमध्ये, म्हणजे हात गरम करायच्या जागेत, बसून असतो. फोन वाजला की उठायचं आणि घाईने हात गरम करायचा, वीस-पंचवीस चेंडू, शेवटचे पूर्ण जोराने. तेवढ्यात मैदानावरचा आपला पिचर निभावून नेतो आणि निरोप येतो, बस खाली. अंग थंड होतं. दोन इनिंगनी पुन्हा फोन. स्कोअरकार्डावर यातलं काहीच येत नाही. दुसऱ्या दिवशी तो "विश्रांती घेतलेला" म्हणून पहिला उठवला जातो.

मी वर्तुळं मोजली. ३३ भरली. ऑगस्टच्या एकाच आठवड्यात दोन रेघा आणि चार वर्तुळं होती, आणि त्यापुढचं पान कोरं. मला फार राग आला. एवढे चेंडू कोपराने सोसले आणि कागदावर त्यांचा मागमूस नाही. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, याने तर जास्तच वाईट वाटलं.

पहिल्या पायरीला अंतर ४५ फूट. आधी थोडे हलके वॉर्मअपचे, मग २५ चेंडू, १५ मिनिटं विश्रांती, पुन्हा वॉर्मअप आणि पुन्हा २५. ग्लव्ह घालून समोर मीच उभी राहिले. कॉलेजात विकेटकीपिंग केलं होतं ते कामी आलं. पहिला चेंडू माझ्या पुढ्यात सहा-सात फुटांवर आपटला. त्याने लगेच कोपर धरलं. दुखत नव्हतं, घाबरला होता. मी चेंडू उचलून न बोलता परत टाकला. दुसरा गुडघ्याशी आला. नवव्या की दहाव्याला चामड्यात तो भरीव आवाज झाला. बाजूच्या टेबलावर खांद्याचे व्यायाम करणारा एक प्रौढ कॅचर मान वळवून हसला.

पंचवीस झाल्यावर मी चौकटीत २५ लिहिले. तो ग्लव्ह काखेत धरून शेजारी येऊन उभा राहिला, फॉर्म वाचला आणि म्हणाला, "डॉक, आधीचे पण लिहा ना. बारा होते."

फॉर्ममध्ये त्यांना जागाच नव्हती. मी पट्टी घेऊन उभी रेघ मारली, वर "वॉर्मअप" लिहिलं आणि खाली १२. त्याने वहीचं ते कोरं पान उघडलं आणि तारीख घातली. विश्रांतीची पंधरा मिनिटं संपायला अजून वेळ होता, म्हणून बर्फाची पिशवी आणायला मी आत गेले.