डेंग्यू गेला, प्लेटलेट परत येईनात

डेंग्यूचा ताप उतरला आणि मला घरी सोडलं तेव्हा प्लेटलेट ६२ हजार होत्या. "वाढतील आता आपोआप," असं सगळेच म्हणाले. बहुतेकांच्या वाढतातही, आठ-दहा दिवसांत. सासूबाई रोज पपईच्या पानांचा रस पुढे करायच्या. कडूजहर! पण नाही कसं म्हणणार?

विसाव्या दिवशी मोजे काढताना घोट्यांवर लाल ठिपके दिसले, टाचणी टोचल्यासारखे. खाज नाही, दाबलं तरी पुसट होत नव्हते. ब्रशला रक्त लागत होतं. रिपोर्ट आला: १४ हजार.

आधी लॅबवरच संशय घेतला. तो अगदीच वेडगळ नव्हता म्हणे. जांभळ्या झाकणाच्या नळीत कधीकधी प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन कमी मोजतं. हिमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांनी, निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, स्लाइड स्वतः पाहिली. आकडा खरा निघाला. प्लेटलेट मोजक्याच, पण मोठाल्या, म्हणजे ताज्या. अस्थिमज्जा त्या बनवत होती आणि प्लीहा गिळत होती, कारण माझ्याच अँटिबॉडी त्यांना चिकटल्या होत्या. नाव आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया.

याची नेमकी अशी टेस्टच नाही. बाकीचं एकेक खोडत जायचं: एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, ल्युपससारख्या आजारांसाठीची एएनए. एचआयव्हीच्या संमतीपत्रावर सही करताना उगाच नवऱ्याकडे पाहिलं. डेंग्यूमुळेच झालं का, विचारलं. "शक्य आहे. तुमच्यापुरतं सिद्ध करता येणार नाही." २०१६ मध्ये पोर्तो रिकोत झिकानंतर, म्हणजे डासांमुळेच पसरणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूनंतर, प्लेटलेट अशाच कोसळून एक जण दगावला होता, हे मी त्याच रात्री मोबाईलवर वाचलं. वाचायला नको होतं.

चुलतभाऊ प्लेटलेट द्यायला बाह्या सरसावून आला होता. डॉक्टरांनी थांबवलं. बाहेरून चढवलेल्याही तशाच मारल्या जातील. मोठा रक्तस्राव झाला तरच. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन पूर्ण बंद. मग डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, रोज ४० मिलिग्रॅम, चार दिवस. त्या चार रात्री झोप अशी नाहीच. पहाटे तीनला मी मसाल्याचे डबे घासत होते.

सहाव्या दिवशी ५१ हजार. पुढे १ लाख १० हजार, मग पुन्हा ७० हजार. नातेवाईक आकडा दहावीच्या टक्क्यांसारखा विचारत, शेवटी मी सांगणंच सोडलं. आता ९६ हजार आहेत, औषध नाही. बारा महिने ओलांडले की याला क्रॉनिक म्हणतात. माझा आठवा चालू आहे. पुढची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सोमवारी.