सुकट नव्हे, मासमीन

खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणि गुजरातीत करून देणे, हा बडोद्यातला माझा व्यवसाय आहे. पंधरवड्यापूर्वी एका व्यापाऱ्याने लक्षद्वीपहून मागवलेल्या मासमीनच्या पुडक्यांचे काम दिले. खारवलेला, धुरी दिलेला टूना असे वर्णन इंग्रजीत होते आणि मी 'सुकट' असे लिहून मोकळी झाले.

मकरपुऱ्यातल्या छापखान्यात मशीन चालवणारे काका मूळचे रत्नागिरीचे. पहिला नमुना हातात घेऊन ते म्हणाले, "ताई, आत मासा आहे ना? आमच्याकडे सुकट म्हणजे वाळवलेला जवळा."

जवळा म्हणजे इवलीशी कोळंबी. लेबलांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ॲलर्जीच्या सूचनेत मासे आणि कोळंबी-खेकडे यांची नोंद वेगवेगळी करावी लागते. माझ्या पुडक्यावर पुढे कोळंबी आणि मागे मासा झाला असता. दांडिया बाजारातल्या शाकाहारी घरात वाढल्यामुळे मला हे सारे एकच वाटले, ही चूक माझीच. पण व्यापाऱ्याच्या कचेरीने मजकुरावर 'तपासले' असा शेरा दिला होता, आणि तो न वाचताच दिला असावा.

त्या रात्री मी कृती नीट वाचून काढली. कुप्याच्या, म्हणजे टूनाच्या, लांब फोडी खाऱ्या पाण्यात उकडतात, नारळाच्या सोडणांच्या धुरावर ठेवतात आणि लाकडासारख्या कडक होईपर्यंत उन्हात वाळवतात. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये राहिलेल्या इब्न बतूतानेही माशाचे चार तुकडे करून, थोडे शिजवून, झावळ्यांच्या टोपल्यांत धुरी देण्याची रीत नोंदवली आहे. कोकणात ऊन आणि मीठ यांवर भागते, म्हणून 'सुका' आणि 'खारा' हे शब्द घरोघरी रुळले. धुराच्या माशासाठी तसा रुळलेला शब्द मला सापडला नाही. 'धुंगार' घ्यावा, तर तो निखाऱ्यावर तूप सोडून काही मिनिटे झाकण ठेवण्याचा प्रकार.

नाव मात्र मी तसेच ठेवले. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाच्या महल भाषेत 'मास' म्हणजे मासा आणि मल्याळममध्ये 'मीन' म्हणजेही मासाच. त्यातला 'मास' आपल्या 'मासा'सारखाच 'मत्स्य'च्या कुळातला आहे. शेवटी 'मासमीन : खाऱ्या पाण्यात उकडून, धुरी देऊन वाळवलेला कुपा' असे छापले. ओळ लांबली म्हणून व्यापारी नाराज झाला. काकांनी अक्षर किंचित लहान करून ती बसवली. बडोद्यातल्या गिऱ्हाइकाला 'कुपा' कळेल का, हे मात्र अजून माझ्या मनातून जात नाही.