टाकीतली काठी

८ ऑगस्ट २०१९, गुरुवार. पहाटे पाच वाजता मी डायलिसिस केंद्राच्या मागच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या काळ्या टाकीच्या तोंडाशी उभी राहून आत बांबूची काठी सोडली. त्या काठीवर मी स्वतः ऑइलपेंटने शंभर-शंभर लिटरच्या खुणा केलेल्या होत्या. काठी वर काढली तेव्हा ती एकोणीसच्या खुणेपर्यंत ओली होती. टाकी पाच हजारांची, पाणी एकोणीसशे लिटर आणि त्या दिवसाच्या यादीत सतरा रुग्ण.

बाहेर पाण्याला तोटा नव्हता. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या आठवड्यात नदी ५७ फुटांवर गेली होती. सांगलीच्या निम्म्या पेठांत होड्या फिरत होत्या. मिरजेतील आमचे केंद्र उंचावर असल्यामुळे कोरडे होते, परंतु नदीकाठची पाणी उपसण्याची यंत्रणा बुडाल्याने आमच्या भागातील नळ मंगळवारपासून बंद होते. महापुरात पाण्याचा दुष्काळ ही गोष्ट ऐकणाऱ्याला विनोदी वाटते. मी जत तालुक्यातल्या घरातली आहे. त्याच उन्हाळ्यात आमच्या गावी टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या होत्या, म्हणून मला तिच्यात विनोद दिसला नाही.

डायलिसिसला किती पाणी लागते, हे रुग्णांच्या नातेवाइकांनाही सहसा ठाऊक नसते. यंत्रातून मिनिटाला पाचशे मिलिलिटर द्रावण फिरवले, तर चार तासांत एका माणसासाठी १२० लिटर शुद्ध पाणी खर्ची पडते. ते आरओ या शुद्धीकरण यंत्रातून यायचे म्हणजे जेवढे शुद्ध होते, जवळपास तेवढेच गटारात जाते. यंत्र धुणे आणि निर्जंतुक करणे धरून माझा हिशेब माणशी तीनशे लिटरांचा असे. सतरांना पाच हजार शंभर.

आदल्या दिवशी एक टँकर मिळाला होता. पुराच्या काळात रोगराई नको म्हणून त्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर सढळ हाताने टाकलेली होती, ती योग्यच होती; पण पिण्याला चालणारे क्लोरीन डायलिसिसला चालत नाही, ते रक्तात पोहोचले तर तांबड्या पेशी फुटतात. कोळशाच्या फिल्टरमधून आलेल्या पाण्यात मी चाचणीचे थेंब टाकले, तर नळीतले पाणी पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन उरलेले होते. पुन्हा टाकले, पुन्हा पिवळे. तेव्हा ते पाणी टाकीत न घेता मी संडास आणि फरशीसाठी वळवले. दोन हजार लिटर पाणी डोळ्यांदेखत नाकारताना जे वाटले, ते माझ्या मदतनिसाने बोलूनच दाखवले : "ताई, देवानं पाठवलेलं परत लावताय."

आमच्या डॉक्टरसाहेबांना पाण्यामुळे सांगलीतून बाहेर पडता येत नव्हते. त्यांनी फोनवरून सूचना दिल्या. द्रावणाचा वेग पाचशेवरून तीनशेवर आणायचा, वेळ चारऐवजी तीन तास, दम लागलेल्यांना आधी घ्यायचे आणि ज्याची डायलिसिसची एक पाळी चुकली आहे त्याचा ईसीजी काढल्याशिवाय काहीही ठरवायचे नाही. या हिशेबाने माणशी दीडशे लिटर पुरत होते. एकोणीसशेत बारा माणसे बसत होती. पाच उरत होती.

मी ख्रिस्ती आहे. आमच्या दोन पिढ्या मिरजेत रुग्णसेवेत गेल्या, त्याआधीची पिढी जतेत शेतावर होती. १९७२ च्या दुष्काळात आजीने खडी फोडली, मिलो या परदेशी ज्वारीची तांबडी भाकरी खाल्ली आणि त्या दिवसांविषयी बोलताना ती नेहमी बायबलमधल्या सारफथच्या विधवेची गोष्ट सांगत असे. दुष्काळात एलीया संदेष्टा तिच्याकडे भाकर मागतो, घरात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल. ती आधी त्याला करून घालते आणि त्यानंतर पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ सरत नाही, कुपीतले तेल आटत नाही. लहानपणी माझ्या डोळ्यांपुढे काठोकाठ भरलेले मडके येई. आजी मला दुरुस्त करी. मडके भरले असे कुठेही म्हटलेले नाही, ती म्हणे. ते फक्त रिकामे झाले नाही, आणि त्या बाईला रोज सकाळी त्यात हात घालून तळाशी चाचपावे लागले असणार.

त्या पहाटे मी प्रार्थना केली ती उभ्याने, हातात काठी धरून. पूर ओसरू दे असे मागितले नाही. सतरांपुरते मागितले, आणि मागता मागता माझ्याच मनात आले की मी देवाला लिटरमध्ये हिशेब देते आहे. मला त्यात अजूनही काही गैर वाटत नाही. आमच्या कामात मोघम प्रार्थना करून चालत नाही.

पहिल्या पाळीत सांगलीच्या गावभागातले एक आजोबा आले. वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, कोयनेचे पाणी सोडल्याची बातमी आली तरी घर न सोडणारे. मंगळवारची त्यांची पाळी चुकली होती; त्या संध्याकाळी त्यांना होडीतून काढून मिरजेतल्या एका शाळेत ठेवले होते. शाळेत मदतीची पाकिटे येत होती, बिस्किटे, फरसाण आणि केळी. मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसाला केळे म्हणजे काय, हे वाटणाऱ्या तरुणांना कुठून कळणार? त्यातले पोटॅशियम बाहेर टाकायला वाट नसते आणि ते हृदयाची लय बिघडवते. आजोबांनी दोन दिवसांत पाच केळी खाल्ली होती. "प्रसादासारखं आलं, नाही कसं म्हणायचं?" असे त्यांनी मला विचारले. ईसीजीतल्या लाटा तंबूच्या टोकासारख्या उंच झाल्या होत्या. फोटो डॉक्टरांना पाठवला, त्यांनी कॅल्शियमचे इंजेक्शन सांगितले आणि म्हणाले, "यांना पूर्ण चार तास, पूर्ण वेगाने. काटकसर नको."

पूर्ण वेगाने म्हणजे तीनशे लिटर, म्हणजे यादीतल्या आणखी एका माणसाचे पाणी. वैद्यकीयदृष्ट्या यात दुमत असण्याचे कारण नव्हते. तरीही सुई लावताना माझा हात जड झाला होता आणि तो त्यांनी ओळखला. पाणी कमी आहे हे मी त्यांना सांगितले नव्हते, पण मदतनिसाचे आणि माझे बोलणे त्यांच्या कानावर गेले असावे.

"ताई, माझं निम्मं करा. विठ्ठल बघून घेईल."

मला राग आला. रात्रभर झोप नव्हती, आणि विठ्ठलाने बघायचे म्हणजे शेवटी मीच बघायचे, हे मला दिसत होते. मी जरा तुटकपणे म्हणाले, "आजोबा, विठ्ठल टाकी भरायला येणार आहे का?"

ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "दामाजीपंतांकडं आला होता की," ते म्हणाले, "पण कधी आला? मंगळवेढ्याचं कोठार दामाजीनं उघडलं, धान्य वाटून झालं, बादशहाची माणसं धरायला निघाली, तेव्हा विठू मोहरा घेऊन गेला. कोठाराला कुलूप ठेवून दामाजी वाट बघत बसला असता, तर यायचं कारणच नव्हतं."

मी काही बोलले नाही. वेग पाचशेवर ठेवला आणि चार तासांची वेळ लावली. त्यांनी डोळे मिटले. माझी आजी आणि हे आजोबा एकमेकांना भेटले असते, तर दोघांनी एकमेकांच्या देवाविषयी वाद घातला असता आणि या एका मुद्द्यावर मात्र एकमत केले असते, असे मला उगाच वाटून गेले.

दुसऱ्या पाळीच्या वेळी नदीकाठच्या ब्रह्मनाळ गावाजवळ बोट उलटल्याची बातमी आली. केंद्रातला टीव्ही मी बंद करायला लावला, तरी मोबाइल बंद करता येत नव्हते. यादीतला एक माणूस नदीपलीकडच्या गावचा होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. तो त्या बोटीत नव्हता, हे दुपारनंतर त्याच्या मेहुण्याकडून कळले. गावाला वेढा पडला होता आणि तो घराच्या माळ्यावर होता.

अडीच वाजता काठी टाकली. दोनशे पन्नास. दहा रुग्ण झाले होते, सात राहिले होते. त्यांच्यापैकी बावीस वर्षांच्या एका मुलाला आडवे होता येत नव्हते इतका दम लागला होता, त्याला घेतले. तो यंत्रावर लागल्यावर उरणार होते शंभर, म्हणजे कोणाचेच पूर्ण नाही. टँकरवाल्याचे उत्तर ठरलेले होते : डिझेल नाही. बाहेरच्या बाकावर पाच जण बसले होते. त्यांना घरी पाठवायचे, तर काय सांगून पाठवायचे याची वाक्ये मी मनात जुळवत होते.

त्या पाचांत सतारमेकर गल्लीतल्या एक मावशी होत्या. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तानपुरे आणि सतारी बनतात; पंढरपूरकडून येणारे मोठे वाळलेले भोपळे त्यांच्या ओट्यावर रचलेले मी कितीदा पाहिले होते. मावशी गेली सहा वर्षे आठवड्यातून दोनदा येत होत्या आणि त्या सहा वर्षांत त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितले असेल की आमच्या अंगणातल्या विहिरीचे पाणी कोणी विचारत नाही, नळ आल्यापासून तिच्यावर फळ्या टाकल्या आहेत, सून तिच्यावर कपडे वाळत घालते. मी प्रत्येक वेळी "हो का" म्हणून पुढच्या यंत्राकडे गेले होते. त्या दिवशीही मला ती विहीर आठवली नाही. मावशीच म्हणाल्या, "ताई, आमच्या हिरीचं चालत नाही का?"

चालेल की नाही हे पाणी बघितल्याशिवाय सांगता येत नव्हते. त्यांच्या मुलाने बाटली भरून आणली. पाणी स्वच्छ दिसत होते, वास नव्हता, मात्र ते फारच जड होते. कठीणपणाच्या चाचणीत थेंब टाकल्यावर निळा रंग यायला हवा तो येईचना, तांबडाच राहिला. असे पाणी तसेच आरओला दिले, तर त्यातले गाळण्याचे पडदे क्षारांनी बुजतात. पाण्याचा कठीणपणा काढणारा सॉफ्टनर आधी मिठाच्या पाण्याने ताजा करावा लागणार होता आणि त्यालाही तीनशे लिटर जाणार होते. डॉक्टरांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मोजून टीसीएल टाका, अर्धा तास ठेवा, कोळशानंतर क्लोरीन आणि सॉफ्टनरनंतर कठीणपणा दोन-दोनदा तपासा. दोन्ही चाचण्या मनासारख्या आल्या तरच लावा."

गल्लीत वीज नव्हती. मावशींचा मुलगा, त्याच्या कारखान्यातले चार कारागीर आणि शेजारची पोरे यांनी फळ्या काढल्या आणि पोहऱ्याने पाणी काढले. पंधरा लिटरचा पोहरा, टेंपोवर हजार लिटरची टाकी. एका खेपेला साठ-सत्तर वेळा दोर ओढायचा. बकरी ईद चार दिवसांवर आली होती, तिच्या तयारीत असलेली माणसे हातातले काम टाकून आली. तारा बसवणाऱ्या, पडदे लावणाऱ्या नाजूक हातांना काथ्याने फोड आले. मी किराणा दुकानातून पंचवीस किलो खडे मीठ आणले. दुकानदाराने पैसे घेतले, आणि मला ते बरे वाटले. सगळेच जण संत झाले की हिशेब अवघड होतो.

दोन खेपा झाल्या. सॉफ्टनर ताजा झाला. क्लोरीनच्या चाचणीत पाणी पांढरेच राहिले. कठीणपणाचा पहिला थेंब टाकला तेव्हा मदतनीस आणि मी दोघेही नळीवर वाकलो होतो. जांभळट. दुसऱ्यांदा पाणी सोडून, पाच मिनिटे थांबून पुन्हा टाकला, तेव्हा निळा.

संध्याकाळी सात वाजता पाचही जण लागले, मावशीसुद्धा. त्यांचा मुलगा फोड आलेले तळवे बर्फावर धरून दाराशी बसला होता. आजोबा दुपारीच शाळेत परत गेले होते. जाताना त्यांच्या पाकिटातली केळी मी काढून घेतली, ती मदतनिसाने खाल्ली.

सतरावा माणूस मात्र आला नाही. लष्कराच्या बोटी त्या बाजूला गेल्या आहेत, असे कोणी तरी म्हणाले होते, म्हणून विहिरीच्या पाण्यातले दीडशे लिटर मी निळ्या ड्रममध्ये वेगळे काढून झाकण लावले आणि त्यावर खडूने त्याचे नाव लिहिले. पाच नंबरचे यंत्र रात्री साडेअकरापर्यंत तयार ठेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे काठी टाकली तर नऊशे. यादीत चौदा. पुन्हा तेच सारे सुरू झाले आणि ते पुढचे पाच दिवस चालले. एकाही सकाळी टाकी निम्म्यावर नव्हती.

तो शनिवारी गेला, त्याच माळ्यावर. ही गोष्ट मी आमच्या प्रार्थनासभेत सांगते तेव्हा लोक विहिरीपाशी थांबतात, तिथे स्तोत्र सुरू होते आणि पुढचे ऐकायला कोणी तयार नसते. एकदा एका वडीलधाऱ्यांनी मला सुचवले की साक्ष देताना तेवढा भाग वगळावा. मी वगळत नाही. सोळांसाठी मी आभार मानते, पूर्ण मनाने मानते; आणि सतराव्याविषयी मी देवाला आजही विचारते. दोन्ही एकाच प्रार्थनेत असते. आजीच्या गोष्टीतही पुढे त्या विधवेचा मुलगा आजारी पडून मरतो आणि ती संदेष्ट्याला जाब विचारते. तो जिवंत होतो ही पुढची गोष्ट, परंतु आधी ती जाब विचारते, पीठ रोज मिळत असतानासुद्धा.

सप्टेंबरात त्याची पत्नी कागद न्यायला आली. घरातला गाळ काढून तिची बोटे सुजली होती. त्याच्या नावाची चिठ्ठी असलेला डायलायझर, म्हणजे रक्त गाळायची नळी, अजून कपाटात होता. मी तो टाकलेला नव्हता, आणि तिला दाखवलाही नाही. कागद पिशवीत ठेवून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, इथं पण पाणी नव्हतं म्हणं. ते आले असते तर मिळालं असतं का?"

"मिळालं असतं," मी म्हणाले. "काढून ठेवलं होतं."

मग मी तिला तो निळा ड्रम दाखवला. तो तेव्हा रिकामा होता. त्यातले दीडशे लिटर ९ तारखेला पहाटे पहिल्या रुग्णाला दिले होते, हेही सांगितले. तो कोण होता, असे तिने विचारले. मी म्हणाले, कोल्हापूर रस्त्यावरची एक मुलगी, तिसरीच्या वर्गाची शिक्षिका आहे. तिने ड्रमच्या कडेवरून हात फिरवला आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली.